‘लागणे’ : कारखान्यातल्या मराठीची प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बोलली जाणारी मराठी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती इंग्रजीने भरलेली वाटते. शिफ्ट, ओव्हरटाइम, जॉब, गेज, टूल, रिजेक्शन, लाइन, गेटपास, कॅन्टीन, परमनंट, कॉन्ट्रॅक्ट असे नामांमागून नाम परके येते. त्यावरून ही भाषा मोडली, तिचे मराठीपण संपत आले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण तीच वाक्ये शेवटपर्यंत ऐकली तर चित्र बदलते. ‘या आठवड्यात मला सेकंड लागली.’ ‘एका जॉबला चार मिनिटं लागतात.’ ‘गिअर लागत नाही.’ ‘त्याचा आयटीआयला नंबर लागला.’ ‘कंपनीला टाळं लागलं.’ ‘पोरगा कामाला लागला.’ नामे कुठूनही आलेली असोत, वाक्य पेलणारे क्रियापद एकच आहे आणि ते अस्सल मराठी आहे. पुढील पानांत या एका क्रियापदाचा अर्थ, त्याची रूपे आणि त्याचा वापर यांचा विचार केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कामाच्या जागेवरची मराठी समजून घ्यायची, तिचा कोश करायचा किंवा तिच्यात शिकवायचे, तर सुरुवात नामांपासून न करता क्रियापदांपासून केली पाहिजे. घडलेली गोष्ट कोणाच्या वाट्याला कशी आली, हे या भाषेत क्रियापदच सांगते.

मराठीत परके शब्द आले की आपले लक्ष प्रथम नामांकडे जाते, ही सवय जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि त्यात मुख्यतः पदांची, वस्तूंची व खात्यांची नावे होती. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होता पदनाम कोश, म्हणजे पुन्हा नावांचाच. या कामांचे मोल कमी नाही. राज्यकारभाराला संज्ञा लागतातच. पण या दोन टोकांमधल्या सुमारे तीन शतकांत क्रियापदांचा प्रतिशब्दकोश करण्याची गरज कोणाला भासली नाही, यातच एक महत्त्वाचा पुरावा आहे. ‘कारखाना’ आणि ‘नोकरी’ फारसीतून आले, ‘हजेरी’ अरबीतून, ‘पगार’ पोर्तुगिजांकडून, ‘शिफ्ट’ इंग्रजीतून. या सर्वांना मराठीने आपली क्रियापदे दिली. हजेरी लागते, नोकरी लागते, शिफ्ट लागते. राज्ये बदलली, कामाची साधने बदलली, नामे बदलली, पण त्यांना वाक्यात बसवणारी यंत्रणा टिकली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आणि बजाज आले, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. प्रत्येक टप्प्यावर नव्या नामांची लाट आली आणि प्रत्येक लाटेला हीच जुनी क्रियापदे पुरली.

‘लागणे’चे मूळ संस्कृत ‘लग्’ धातूत आहे. चिकटणे, जोडले जाणे हा त्याचा अर्थ. ‘लग्न’ हा शब्द त्याच धातूपासून झाला. प्राकृतातल्या ‘लग्ग’मधून ‘लागणे’ आले. मराठीत नाते सांगतानाही तेच क्रियापद येते : ‘तो तुझा कोण लागतो?’ दोन गोष्टींचा संबंध जुळणे हा या क्रियापदाचा गाभा आहे, आणि बाकीचे अर्थ त्यातूनच फुटतात. काठी अंगाला भिडली तर ती लागते. भूक शरीराला भिडते म्हणून ती लागते. यंत्राला तेल लागते, म्हणजे तेलाचा आणि यंत्राचा संबंध जुळल्याखेरीज काम होत नाही. आट्यात आटा अडकला नाही, की ‘आटा लागत नाही’. बस फलाटाला भिडली, की ‘बस लागली’. कोशात हे अर्थ एकाखाली एक क्रमांक घालून मांडले, तर ते विखुरलेले वाटतात. मूळ अर्थ हाताशी ठेवून वाचले, तर त्यांतले बहुतेक एकमेकांना धरून असलेले दिसतात.

रूपांच्या बाबतीत ‘लागणे’ शिस्तबद्ध आहे. लागतो, लागला, लागेल, लागावा, लागत, लागून, लागलेला. ते अकर्मक असल्यामुळे भूतकाळातही त्याच्या कर्त्याला ‘ने’ प्रत्यय लागत नाही. ‘तो लागला’ होते, ‘त्याने लागला’ कधीच होत नाही. त्याचे वैभव आहे ते इतर क्रियापदांच्या सोबतीने होणाऱ्या रचनांत. ‘तो मशीन चालवू लागला’ यात आरंभ आहे आणि कर्ता प्रथमेत आहे. ‘त्याला मशीन चालवावं लागलं’ यात सक्ती आहे आणि माणूस चतुर्थीत गेला आहे. शब्द तेच, माणूस तोच, यंत्र तेच. क्रियापदाच्या एका रूपाने आणि एका ‘ला’ने उत्साहाची सक्ती झाली. सक्तीच्या या रचनेत क्रियापद माणसाच्या मागे जात नाही, कामाच्या मागे जाते : नाइट करावी लागते, रिपोर्ट द्यावा लागतो, काम संपवावं लागतं, जॉब तपासावे लागतात. लिंग आणि वचन कामाचे, माणसाचे नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांची परंपरा असलेल्या भाषेत हे नियम नवे नाहीत. नवीन एवढेच, की हे सारे बारकावे इंग्रजी नामांसह, कोणी शिकवल्याशिवाय, शॉपफ्लोअरवर अचूक पाळले जातात. ‘मला नाइट करावा लागतो’ असे कोणी म्हणाले, तर शेजारचा ऑपरेटर त्याला लगेच सुधारतो. जिचे व्याकरण तिचे बोलणारेच असे राखतात, ती भाषा मोडलेली नसते.

औद्योगिक पट्ट्यातला या क्रियापदाचा सर्वांत मोलाचा वापर नोकरीचा आहे. तो दोन प्रकारे सांगता येतो. ‘तो नोकरीला लागला’ यात माणूस कर्ता आहे आणि तो नोकरीशी जोडला गेला आहे. ‘त्याला नोकरी लागली’ यात नोकरी कर्ता आहे आणि ती माणसाकडे आली आहे. पहिल्या वाक्यात आयुष्याची दिशा ठरल्याचा भाव आहे, दुसऱ्यात प्रतीक्षा संपल्याचा. ‘मिळणे’ हे क्रियापद यांच्या जवळचे, पण वेगळे. मिळालेली नोकरी नाकारता येते. ‘नोकरी मिळाली पण गेला नाही’ हे वाक्य सरळ आहे. ‘नोकरीला लागला पण गेला नाही’ हे मराठी कानाला खटकते, कारण लागण्यात रुजू होणे आणि टिकणे धरलेलेच आहे. त्याचे विरुद्धार्थी क्रियापदही ठरलेले आहे : सुटणे. नोकरी लागते आणि सुटते. सवय लागते आणि सुटते. बस लागते आणि सुटते. शिफ्ट लागते आणि सुटते. ‘कंपनी सुटली’ म्हणजे पाळी संपून माणसे गेटबाहेर पडली. ‘त्याची कंपनी सुटली’ म्हणजे त्याचे काम गेले. एका षष्ठीने अर्थ कुठून कुठे जातो ते पाहण्यासारखे आहे. या जोडीत कामगाराच्या आयुष्याचा मोठा भाग मावतो, आणि तो भाग कामगार कायद्यांच्या परिभाषेत शोधून सापडत नाही.

इथे एका दूरच्या भाषेची साक्ष काढतो, आणि ती याच पट्ट्याशी संबंध असलेल्या देशाची आहे. दापोडीत सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को आणि अल्फा लाव्हल, चिंचवडमध्ये एसकेएफ, चाकणला मूळची स्वीडिश टेट्रा पाक अशा कंपन्यांमुळे स्वीडनचे नाव इथे अनेक घरांना परिचित आहे. एसकेएफ १९०७ मध्ये गोटेनबर्गला सुरू झाली. तिच्या नावातली अक्षरे ज्या स्वीडिश शब्दांची आहेत त्यांचा अर्थ ‘स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना’ असा होतो. त्या देशाच्या भाषेतले सर्वांत कष्टाळू क्रियापद ‘फो’ हे आहे. त्याची रूपे फो, फोर, फिक, फॉत. आज ते पुरुष-वचनानुसार बदलत नाही. मी, तू, आम्ही, ते, सर्वांना वर्तमानकाळात ‘फोर’च. लेखी स्वीडिशमधली अनेकवचनी क्रियापदरूपे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली आणि मग गळून पडली. या क्रियापदाचा मूळ अर्थ पकडणे. कैद्याला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे, तोही त्याच कुळातला. पकडण्यातून मिळण्याचा अर्थ आला : ‘या फिक योबेत’, मला ती नोकरी लागली. त्यातूनच परवानगी आली : ‘दू फोर गो’, तू जाऊ शकतोस. आणि त्याच क्रियापदातून सक्तीही आली : ‘दू फोर वेन्ता’, तुला थांबावे लागेल. नोकरी, मुभा आणि सक्ती या तिन्ही गोष्टी एका आखूड क्रियापदाने पेलल्या. कामावरून काढून टाकले तरी हेच क्रियापद येते. शब्दशः त्याचा अर्थ ‘लाथ मिळाली’ असा होतो.

स्वीडिशमध्ये आणखी एक क्रियापद आहे : स्लिप्पा. रूपे स्लिप्पेर, स्लाप, स्लुप्पित. नको असलेल्या कामातून सुटका होणे, हा त्याचा अर्थ. ‘या स्लाप योबा’ म्हणजे मला काम करावे लागले नाही, आणि त्यात हायसे वाटणे आलेच. ‘या फिक इन्ते योबा’ म्हणजे मला काम करू दिले नाही, करायला मिळाले नाही, आणि त्यात खंत आहे. इंग्रजीत यातला पहिला भाव एका शब्दात सांगणे अवघड जाते, पण मराठीला त्यासाठी धडपडावे लागत नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात रविवारी ओव्हरटाइम झाला नाही, असे समजा. कायम कामगार म्हणतो, ‘ओव्हरटाइम करावा लागला नाही.’ कंत्राटी कामगार म्हणतो, ‘ओव्हरटाइम करायला मिळाला नाही.’ कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दराने मजुरी द्यायची असते. ज्याचा मूळ पगार पुरेसा आहे त्याला सुट्टी हवी असते, ज्याचा तुटपुंजा आहे त्याला ते तास हवे असतात. कारखान्याच्या नोंदवहीत दोघांसमोर एकच शून्य लिहिले जाते. क्रियापद मात्र दोन वेगळी आयुष्ये नोंदवते. भाषेच्या अभ्यासकाने आणि कामगारांच्या प्रश्नांचा विचार करणाऱ्यानेही इथे थांबून पाहिले पाहिजे. नामांची यादी त्या शून्यापर्यंत नेते. त्या शून्यात काय आहे, ते क्रियापद सांगते.

याविरुद्ध काही आक्षेप येतात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की ‘लागणे’ हे असहायतेचे क्रियापद आहे. मला भूक लागली, मला नाइट लागली, मला जावे लागले. माणूस सदा चतुर्थीत, गोष्टी त्याच्यावर येऊन पडतात. म्हणून ही दैववादी समाजाची भाषा आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप व्याकरणावरून स्वभाव ठरवतो आणि तिथेच तो चुकतो. स्वीडिश माणूस मुभा आणि सक्ती एकाच ‘मिळण्या’तून सांगतो म्हणून त्याला कोणी दैववादी म्हणत नाही. शिवाय मराठीत ‘लागणे’च्या शेजारी ‘लावणे’ सदैव उभे असते. ‘मला नाइट लागली’ ही वस्तुस्थिती. ‘सुपरवायझरने मला नाइट लावली’ हा आरोप. ‘नोकरी लागली’ ही बातमी, ‘मामाने नोकरी लावली’ ही कृतज्ञता. कोणी केले ते बोलायचे, की फक्त काय झाले तेवढे सांगायचे, हे बोलणारा प्रत्येक वेळी निवडत असतो. जिथे ही निवड उपलब्ध आहे, तिथे असहायता भाषेवर लादता येत नाही. ती असलीच तर परिस्थितीत असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : इतके अर्थ असलेले क्रियापद कारखान्यात धोक्याचे ठरेल, तिथे नेमकेपणा हवा. याचे उत्तर एका जोडीत आहे. ‘मशीनला हात लागला’ आणि ‘मशीनला हात लावला’. पहिल्यात हात नकळत गेला, दुसऱ्यात तो मुद्दाम नेला. अपघाताच्या चौकशीत याहून मोठा फरक क्वचितच असेल, कारण दोष गार्ड नसलेल्या यंत्राचा की नियम मोडणाऱ्या माणसाचा, हे त्यावर ठरते. छापील अहवालात ‘यंत्रास स्पर्श झाल्याने’ असे लिहिले जाते तेव्हा स्पर्श कसा झाला ते झाकले जाते. जखमी माणूस ‘लागला’ म्हणाला की ‘लावला’, हे तसेच लिहून घेतले तर साक्ष शाबूत राहते. संदिग्धता अजिबात नाही, असा माझा दावा नाही. ‘त्याला बेल्ट लागतो’ म्हणजे त्याला बेल्टची गरज आहे, आणि ‘त्याला बेल्ट लागला’ म्हणजे बहुधा बेल्टने इजा झाली. काळ बदलताच अर्थ पालटतो. परंतु यावरचा उपाय क्रियापद टाळणे हा नाही, ते वाक्यासह नोंदवणे हा आहे. सूचनाफलकावर ‘शिरस्त्राण परिधान करणे बंधनकारक आहे’ हे वाक्य नेमके असेल, पण ते कोणी बोलत नाही. ‘इथे हेल्मेट घालावंच लागतं’ हे तितकेच नेमके आहे आणि नव्या हेल्परला ते एका वाचनात कळते.

तिसरा आक्षेप असा, की हे क्रियापद मराठीचे एकटीचे नाही. हिंदीत ‘लगना’ आहे, गुजरातीत ‘लागवुं’ आहे, आणि चाकणच्या कारखान्यांत तर आता उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी सर्वत्र ऐकू येते. मग ‘लागणे’वरून मराठीपण कसे सिद्ध होणार? धातू सामायिक आहे, हे खरे. पण क्रियापदाची ओळख त्याच्या सीमांवरून होते. सक्तीसाठी प्रमाण हिंदी ‘पड़ना’ वापरते, मराठी ‘लागणे’ वापरते. मत सांगताना हिंदी ‘लगता है’ म्हणते, मराठी ‘वाटतं’ म्हणते. म्हणजे मराठी ‘लागणे’ने सक्तीचा प्रांत आपल्याकडे घेतला आणि मताचा सोडला. मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाची अडचण नेमकी याच सीमेवर होते, कारण ओळखीचा शब्द अनोळखी काम करताना दिसतो. त्याच्यासाठी नामांची यादी जवळपास निरुपयोगी आहे, कारण शिफ्ट आणि गेज त्याला आधीच ठाऊक आहेत. त्याला ‘करू लागला’ आणि ‘करावं लागलं’ यांतला फरक हवा आहे, आणि तो शिकवणारे साहित्य तयार करणे, हे महाराष्ट्रात मराठी शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेचे काम आहे.

मग कोश कसा असावा? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. ही प्रचंड कामे आहेत आणि बोलीतल्या, धंद्यांतल्या शब्दांकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. पण पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा त्यांच्यानंतर उभा राहिला. १९८२ मध्ये तिथे महानगरपालिका झाली, आणि आता इथे कामगारांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या वाढत आहेत. स्वीडिश अकादमीच्या ऐतिहासिक कोशाचा पहिला खंड १८९८ मध्ये पूर्ण झाला आणि शेवटचा २०२३ मध्ये. सव्वाशे वर्षे एका भाषेने स्वतःची नोंद घेणे थांबवले नाही, हे आपण शिकण्यासारखे आहे. आपल्या नोंदीची सुरुवात लहान असली तरी चालेल, मात्र तिची पद्धत बदलायला हवी. ‘शिफ्ट : पाळी’ एवढे लिहून थांबू नये. शिफ्ट लागते, लावतात, सुटते, बदलते, बदलून घेतात, चुकते, इथपर्यंत गेले पाहिजे, आणि प्रत्येक क्रियापदासोबत कर्ता कोण, चतुर्थीत कोण, हे वाक्यात दाखवले पाहिजे.

असा कोश झाला, तर त्याचा उपयोग अभ्यासकांपुरता उरणार नाही. १९६१ च्या प्रशिक्षणार्थी अधिनियमाखाली दरवर्षी या पट्ट्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून येणाऱ्या मुलामुलींना तो कामाचे पहिले पुस्तक म्हणून देता येईल. कामगारांचे जबाब लिहून घेणाऱ्याला तो आधार होईल. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ नियोक्ता आणि कंत्राटदार अशी दोन नामे दिली. त्या दोघांत आपण कोणाला लागलो, हा प्रश्न कामगार आजही याच क्रियापदात विचारतो, आणि उत्तरही त्याला याच क्रियापदात हवे असते. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण सर्व म्हणतो. ज्या भाषेत लाखो माणसे रोज यंत्र चालवतात, मोजमाप घेतात, जोखीम ओळखतात आणि आपला हक्क मागतात, ती त्यांच्यापुरती ज्ञानभाषा झालेलीच आहे. तिची नोंद त्यांच्याच वाक्यांत आणि त्यांच्याच क्रियापदांसह करणे, हे आपल्याकडून राहिलेले काम आहे.